केवळाबाईचा पहिला घास

भाकरी मोडली की पहिला घास केवळाबाई स्वतःच्या तोंडात घालायची. चावायची, गिळायची आणि तोंड उघडून नवऱ्याला दाखवायची. मग कुठं भुजंग जेवणाला हात लावी. सहा महिने हे असंच चाललं होतं.

भुजंग झरीच्या शिवारातला धनगर. दुधना नदीकाठच्या रानांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, असा निजामाच्या राज्यातला त्याचा साधा संसार. गडी मुळात अबोल. पण मोठ्या लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं, त्या साली तो एकटाच बोलायला लागला. मेंढरांमागं चालता चालता थबकायचा, कान द्यायचा, समोर कुणी नसताना उत्तर द्यायचा.

थोरला भाऊ सटवाजी हरखून गेला.

"बिरोबा यायलाय अंगात! आपल्या घरात!"

दसऱ्याला बिरोबाच्या ठाण्यापुढं ढोल घुमायचे. ज्याच्या अंगात देव येई, तो नागवी तलवार घेऊन नाचायचा आणि सालाची भाकणूक सांगायचा, पाऊस किती, रोगराई कुठं. भाकणूक सांगणारा म्हातारा उन्हाळ्यात वारला होता. तो मान आता आपल्याकडं, म्हणून सटवाजीनं धाकट्याला पाच दिवस उपासाला बसवलं. अन्न बंद, झोप बंद, नुसतं पाणी.

केवळाबाईला हे पटेना. तिच्या बापाच्या अंगात यायचं. ढोलाबरोबर देव यायचा, ढोल थांबला की जायचा. बाप घाम पुसून पाणी मागायचा आणि मेंढरं मोजायला लागायचा. भुजंगच्या अंगातला हा जो कोण होता, तो जातच नव्हता.

तिसऱ्या दिवशी भुजंगनं पाण्याचा तांब्याही ढकलला.

"काय टाकलंस ह्यात?"

ती निम्मा तांब्या प्याली. तो तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होता.

"आवं, काय मनतो तो तुमाला?" तिनं हळू विचारलं.

त्यानं सांगितलं. ऐकून ती ओरडली नाही. उठली, लोकर कातरायची कातर घेतली आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवली. कातर लपवता येत होती. परवा त्याच्या हातात सगळ्या गावादेखत तलवार देणार होते, तिचं काय करायचं?

दसऱ्याच्या दुपारी ढोल सुरू झाले. भुजंगचे डोळे लालभडक, ओठ फुटलेले. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तो अंग चोरत होता. सटवाजीनं तलवार म्यानातून काढली, कपाळाला लावली आणि भावापुढं धरली.

केवळाबाई मधे येऊन उभी राहिली. बारा वर्षांच्या संसारात ती थोरल्या दिरापुढं एक शब्द बोलली नव्हती.

"भाऊजी, तलवार देऊ नका त्यायला."

"बाजूला व्हय! जेठापुढं तोंड उघडतीस?"

"हिलाच नाचायचंय वाटतं," मागून एक म्हातारा म्हणाला. "द्या की रं एक घुंगरू!"

माणसं हसली. केवळाबाईनं पदर सावरला, पण हलली नाही.

"श्रावणात तुमची काळ्या तोंडाची मेंढी गरगर फिरायली होती. तिच्या अंगात बिरोबा आला मनलात का तुमी? ढोल वाजवला का तिच्यापुढं? तुमीच तिची टाळू दाबून बघितली, मनलात डोक्यात किडा झाला. सावलीत बांधली. मेंढराला रोग व्हतो अन् मानसाला होत न्हाई?"

"देवाला रोग मनतीस, अवदसे?"

"मी कायबी मनत न्हाई. त्यायलाच इचारा. देव आला, देव आला करता, पन तो काय बोलतो ते एकानं तरी इचारलं का?"

ढोलवाल्याचा हात आपोआप थांबला. सगळे भुजंगकडं बघायला लागले. तो तलवारीकडं बघत होता.

"शिव्या देतो," भुजंग म्हणाला. "रातध्याड शिव्या. मनतो, केवळीनं भाकरीत इख कालवलंय. मनतो, तलवार हाती आली की पयली तिला काप." तो सटवाजीकडं वळला. "दादा, देव असं बोलतो का रं?"

सटवाजीनं तलवार म्यानात घालायला घेतली. दोनदा टोक म्यानाच्या तोंडाला लागून बाहेरच घसरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः बैलगाडी जुंपली आणि दोघांना परभणीच्या बाजारातल्या हकिमाकडं नेलं. हकिमानं नाडी बघितली, पापणी वर केली आणि आधी भुजंगलाच सगळं विचारलं. मग केवळाबाईकडं वळला.

"माँ, ये देव नई, भूत नई. बीमारी है. दिमाग की."

त्यानं सर्पगंधेच्या मुळीची पूड दिली. बजावलं, उपास नको, जागरण नको, ढोल नको. त्याला ऐकू येतं त्यावरून भांडू नका, पण खरं आहे असंही म्हणू नका. आणि बरा दिसला म्हणून पूड सोडू नका.

पुडीनं भुजंगला गुंगी यायची, मेंढरं चुकायची, ती सटवाजी गोळा करून आणायचा, कुरकुरत. शिमग्याच्या सुमाराला माणूस ताळ्यावर आला. "बरं झालं की आता," म्हणून सटवाजीनं पुड्या आणायचं टाळलं, आणि पंधरा दिवसांत भुजंग पुन्हा पाण्याचा तांब्या ढकलायला लागला. तेव्हापासून केवळाबाई दर महिन्याला स्वतः परभणीला जायची, येता-जाता पायी. आवाज पार गेले नाहीत, नुसते लांब गेले.

पुढच्या दसऱ्याला तिनं सकाळीच मेंढरं आणि नवरा, दोन्ही नदीच्या वरल्या अंगाला नेले. दुपारी बाभळीखाली तिनं भाकरीचं फडकं सोडलं. वाऱ्याबरोबर धपधप ऐकू आली. भुजंगचा चेहरा ताठ झाला.

"केवळे, ढोल वाजायलाय, का मलाच ऐकू यायलंय?"

तिनं कान दिला. खोटं बोलून चालणार नव्हतं, एकदाही.

"वाजायलाय. मलाबी ऐकू यायलंय."

"अन् मधीच कोन शिव्या द्यायलंय?"

"ते मला न्हाई ऐकू येत."

केवळाबाईनं सवयीनं भाकरीकडं हात नेला. तिच्या आधी भुजंगनंच तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला.