आमच्या हायब्रिडचा शून्य धूर आणि आई

मंडळी, आज पीयूसी काढायला गेलो आणि आईनं पास झालेली गाडी परत तपासायला लावली!

आमचं घर कुंभिवलीत, हायवेला लागून. अंगणात घातलेल्या पापडांवर संध्याकाळपर्यंत काजळी बसते, म्हणून गाड्यांच्या धुराशी आईचं जुनं वैर. नवी हायब्रिड घेतली तेव्हा "हिचा धूर कमी" एवढ्याच बोलीवर ती आत बसली.

आज पीयूसीवाल्या दादांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली. यंत्रावर सगळीकडे शून्य. मी खूश.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "इंजिनाचा आवाज कुटं हाय रं?"

खरंच, उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद झालं होतं. सगळं बॅटरीवर चाललं होतं.

"चूल पेटवलीच नाय, मंग धूर कसा निघंल? परत मोजा."

दादा हसले. "मावशी, मग एसी फुल लावायला लागेल. बॅटरी उतरली की इंजिन चालू होईल."

एसीचं आणि आईचं अजिबात जमत नाही. तरी पदर कानांवरून घट्ट ओढून कुडकुडत बसली. खाली उतर म्हटलं तर ऐकेना. शेवटी इंजिन घुरघुरलं, दादांनी पुन्हा नळी घातली. आकडा आला, छोटासाच. गाडी पास.

"हां, एवढा धूर आपला हाय," आई म्हणाली. "आता बंद कर ती थंडी."

हायब्रिडवाल्यांनो, तुमच्याही पीयूसीवर शून्य आहे? मोजताना चूल पेटलेली होती का?