थंडोबाचा एकच प्रश्न

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची, आणि ते काही फक्त धंद्यामुळे नव्हे. त्याला घाई करताना कोणी पाहिलं नव्हतं. आला की हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवायचा, फ्रिजच्या दाराला हातही लावायचा नाही, आणि घरातल्या एकेकाला वेगळं गाठून विचारायचा, "कालपासून याला काय काय केलंत?"

ही सवय त्याला बावीस वर्षांपूर्वी लागली. एका घरी सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं होतं, काहीच केलं नाही. तो तीन तास मशीन खोलून बसला. मग कळलं की जावयाने फ्रिज आडवा घालून टेम्पोतून आणला होता आणि आतलं तेल खाली बसू न देता उतरवल्या उतरवल्या चालू केला होता. तोवर आजोबांची औषधं कोमट होऊन गेली होती. डॉक्टरपाशी लपवत नाहीत एवढं लोक फ्रिजवाल्यापाशी लपवतात, असं त्याचं मत झालं ते कायमचं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावर नवरा-सासूबरोबर राहणाऱ्या सुनेचा फोन आला. लोणी मऊ पडलंय, फ्रीझरच्या दारातून पाणी ठिबकतंय. थंडोबा पोचला तेव्हा ती जिन्यातच उभी होती. बाळ दोन महिने आधी जन्मलेलं, अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत. तिला स्वतःला ताप येऊन जबर औषधं चालू झालेली, त्यामुळे पुढचे सहा दिवस तिचं दूध बाळाला चालणार नव्हतं. आधी काढून गोठवलेल्या पंधरा लहान बाटल्या तेवढ्या फ्रीझरमध्ये होत्या. रोजच्या दोन, म्हणजे बारा तरी हव्यातच. आत बर्फ शिल्लक असेल तर परत गोठवा, पातळ झालेलं आम्ही घेणार नाही, असं नर्सने बजावलं होतं.

थंडोबाने पिशवी ठेवली आणि प्रश्न विचारला.

"मेकॅनिक बोलावला होता मी, फौजदार नाही," सून म्हणाली. पण उत्तर दिलं. ती पहाटे पाचला झोपली ती नऊला उठली. सकाळची बाटली नवऱ्याने हॉस्पिटलात पोचवली आणि तो तसाच कामावर गेला. बाकी तिला काही ठाऊक नव्हतं.

तिला बाहेर थांबायला सांगून त्याने सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. सासूबाई ओटा पुसू लागल्या. ओटा आधीच स्वच्छ होता. मी तर त्याला हातसुद्धा लावला नाही, असं त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या.

थंडोबाने फ्रिज भिंतीपासून वीतभर ओढला आणि मागच्या काळ्या जाळीवर तळहात ठेवला. मशीन घुरघुरत होतं. जाळी गार होती. त्याने हात तसाच ठेवला, कारण विचार करायला त्याला तेवढा वेळ हवा होता.

"मावशी, मशीन चालू असलं की ही जाळी गरम लागते. आत्ता गार आहे, म्हणजे गॅस गेलाय. आता नीट ऐका. कुठे नळी गंजून हळूहळू जात असेल, तर मी आत्ता गॅस भरतो, तासाभरात फ्रिज गारवा धरेल, बाटल्या जागच्या हलवायच्या नाहीत. पण फ्रीझरलाच भोक पडलं असेल, तर भरलेला गॅसही जाईल आणि माझा तासही. मग आत्ताच्या आत्ता बाटल्या काढून माझ्या दुकानात न्यायच्या. भोक बाटल्यांच्या खाली असणार. सगळं बाहेर काढल्याशिवाय मला दिसायचं नाही, आणि काढून चूक निघाली तर आहे तो गारवाही जाईल. तेव्हा सांगा."

नळ ठिबकत होता. बाहेर सून येरझाऱ्या घालत होती, तिच्या चपला ऐकू येत होत्या.

सासूबाईंनी खालचा खण उघडला, फडक्यांच्या तळातून सुरी काढून ओट्यावर ठेवली. टोक वाकलेलं होतं.

"सकाळची बाटली बर्फाला चिकटली होती," त्या म्हणाल्या. "सातला. फुस्स झालं. मी दार लावून टाकलं." मग अगदी हळू, "तिला सांगू नका."

थंडोबाने दार उघडलं. टॉवेल आणि जुनी वर्तमानपत्रं मागितली. बाटल्या कागदात, कागद टॉवेलात, टॉवेल पातेल्यात. तिघं जिना उतरली. दुरुस्त केलेला फ्रिज तीन दिवस चालवून बघितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, त्यामुळे लोक त्याला नावं ठेवायचे. आज तसा एक फ्रिज दुकानात गारेगार उभा होता.

उन्हातून दुकानापर्यंत सात मिनिटं लागली. दुकानात सून खाली बसली आणि एकेक बाटली कानाशी धरून हलवू लागली. आत बर्फाचा खडा वाजला की ती बाटली थंडोबाच्या हातात, नाही वाजला की बाजूला. अकरा बाटल्या वाजल्या. तीन बाजूला गेल्या. उरलेली एक तिने तीनदा हलवली.

"कशामुळे गेला हो गॅस?" तिने वर न बघता विचारलं.

थंडोबा फ्रीझरमध्ये बाटल्या लावत राहिला.

"सुरी मी लावली," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा हात थांबला. "मला उठवायचं होतंत."

"तीन दिवसांनी डोळा लागला होता तुझा."

"आणि नऊला उठले तेव्हा? तेव्हाही बोलला नाहीत, आई."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत सासूबाई उभ्या राहिल्या. मग सुनेने शेवटची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"माझ्या कानात आता सगळंच वाजतंय. तुम्ही बघा."

सासूबाईंनी बाटली कानाशी नेली. हलवली. डोळे मिटून परत हलवली. ही वाजली तर बारा होणार होत्या, हे तिघांनाही माहीत होतं. हो म्हटलं असतं तर तिथे कोणी तपासणार नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पाणी झालंय."

सुनेने बाटली घेतली आणि बाजूला काढलेल्या तीन बाटल्यांच्या शेजारी ठेवली.

"शेवटच्या दिवसाला एक कमी पडेल, ताई," थंडोबा म्हणाला.

"शेवटच्या दिवसाचं शेवटच्या दिवशी बघू." ती उठली, टॉवेल झटकून घडी घातली आणि सासूबाईंच्या हातात दिली. "चला आई. संध्याकाळी बाळाला बघायला आज तुम्ही चला माझ्याबरोबर."