म्हशीला सांगितलेलं

बनुबाईचं तोंड गावावरून ओवाळून टाकलेलं. तरी सख्ख्या जावेशी, धोंडुबाईशी, ती कित्येक वर्षांत एक शब्द बोललेली नाही. दोघींच्या अंगणांमधे कमरेएवढी भिंत. भांडण वाटणीतल्या तांब्याच्या घंगाळावरून झालं म्हणतात. तेव्हापासून जावेला जे ऐकवायचं ते बनुबाई आपल्या म्हशीला ऐकवते. लेकी बोले सुने लागे, हे आपल्याकडं जुनंच. पण या बाईनं कळस केला. "खा, खा! दुसऱ्याचं खाऊनच माजलीयास!" हे म्हशीला. धोंडुबाईही काही गरीब गाय नाही, ती कोंबड्यांना शिव्या घालते. शेजारी राहून माझे कान किटले. दोघींचाही मला मनस्वी राग येतो.

धोंडुबाईच्या अंकिताचं लग्न ठरलं. पाहुणे विट्याचे, मुलाचं तमिळनाडूत सेलमला सोनं गाळायचं दुकान. चौकशीला तिथवर जातो कोण? पण बनुबाईचा भाऊही त्याच धंद्यात, त्याच गल्लीत. त्यानं बहिणीला फोन करून सांगितलं, मुलाला तिथं एक बायको आहे, पोरही आहे.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? भिंत ओलांडली असती. निदान नवऱ्याला पाठवलं असतं. पण जावेच्या उंबऱ्यावर आधी कोण जाणार? बनुबाई धार काढायला बसली आणि तिनं आवाज लावला, "सोन्यावाला जावई मिळाला म्हनून नाचू नगंस गं म्हशी! त्येला सेलमात बायकू हाय, प्वार हाय!"

पलीकडून कोंबड्यांच्या नावानं लगेच उत्तर आलं, "जळतीया मेली! दुसऱ्याच्या पोरीचं बरं झालेलं बघवत न्हाई!"

गल्लीनंही तेच धरलं. त्या तोंडातून आजवर विषाशिवाय काय बाहेर पडलं होतं?

लग्न थाटात झालं. दिवाळीच्या आधीच अंकिता बॅग घेऊन परत आली. आईकडं न जाता आधी बनुबाईच्या दारात उभी राहिली. चेहरा असा, की मी हातातलं काम टाकून बघत राहिले.

"काकी, तुला ठावं हुतं?"

बनुबाई उसळली. "मग? सांगितलं न्हवतं व्हय मी? आख्ख्या गल्लीनं आयकलं!"

"मीबी आयकलं की," अंकिता म्हणाली. "जेवाय बसलो हुतो. आई नि मी लय हसलो."