नदीकाठचा गवताचा पट्टा

ज्योत्स्ना ग्रामपंचायतीवर निवडून आली तेव्हा गावाला वाटलं होतं, बौद्धवाड्यातली बाई, समाजमंदिराला फरशी मागेल आणि गप बसेल. तिनं पहिल्याच ग्रामसभेत नदीचं काढलं.

कारण ताजं होतं. वरच्या अंगाला शहर, त्याची सगळी गटारं नदीत. खाली दोन्ही काठांची रानं पार पाण्यापर्यंत नांगरलेली. जोराचा पाऊस झाला की खत, फवारणीचं औषध, सगळं ओघळांनी नदीत. उन्हाळ्यात डोहावर हिरवी साय धरली. शिरूरकडून दरसाल येणाऱ्या सटवा मेंढपाळाची मेंढरं तिथं पाणी प्याली आणि दिवस मावळेपर्यंत निम्मी आडवी झाली. सटवा एकेकीच्या कानाला हात लावून ऊब बघत फिरत होता. ज्योत्स्ना काठावर उभी होती.

तिचं म्हणणं साधं होतं. काठाला पाच-सहा हात पट्टा सोडायचा, त्यात गवत वाढवायचं, म्हणजे रानातलं पाणी गाळून उतरेल. आणि शहरानं घाण पाणी तसंच सोडू नये, असा ठराव वर पाठवायचा.

ज्यांचा ऊस नदीला टेकला होता ते बबनराव उठले. "ताई, शहराचा मैला येतो त्यो दिसंना, अन् आमचा युरिया बरा दिसला! आधी त्यांना थांबवा, मग आमी बघू."

ती शहरात गेली. तिथल्या नगरसेवकानं चहा पाजला आणि म्हणाला, "घाण पाणी साफ करायचं मशीन मंजूर हाय, जागा मिळंना. पण खरं सांगू का, नदी नासवली ती तुमच्या खतानं. आधी रानं आवरा."

मग विधानसभेची निवडणूक आली. सगळ्या उमेदवारांनी नदी स्वच्छ करायचं कबूल केलं. निकालानंतर ज्योत्स्ना पुन्हा शहरात, पुन्हा ग्रामसभेत. पुढं पुढं समोरचा तोंड उघडायच्या आधीच तिला त्याचं वाक्य ठाऊक असायचं.

"तू कावून जीव जाळती?" नवरा समाधान म्हणाला. "नदी का आपल्या एकट्याची हाय?"

"न्हाई. पण काठाला आपलं रान हाय. आपला पट्टा आपण सोडू."

"कपाशीच्या वळी जात्याल की."

"जात्याल."

सरकी टोकायच्या सकाळी मात्र त्यानं काठापासून बरंच अलीकडं खुंटी ठोकली आणि म्हणाला, "बघती काय? दोरी धर."

गवत उगवलं, तसा सटवा उरलेली मेंढरं घेऊन आला. ज्योत्स्ना आडवी आली. "मामा, औंदा घालू नका. मुळ्या धरू द्या."

"मेली माझी, अन् न्हाई बी मलाच म्हणती व्हय?"

ती वाटेतून हलली नाही. सटवा सडकेनं लांबचा वळसा घालून निघून गेला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिची मुदत संपायच्या वर्षी पट्ट्याचा ठराव एकदाचा झाला. बबनराव म्हणाले, "पट्टा सोडावा, याच्याफुडं 'शक्य असल्यास' लिवा, मग माझा हात वर." तिनं लिहू दिलं. भांडायची ताकद उरली नव्हती. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही.

शेजारच्या दोघांनी पट्टे सोडले. बाकीच्यांना शक्य झालं नाही. पावसात तिच्या बांधाखालचं पाणी जरा निवळ उतरतं आणि दोन पावलांवर शहराच्या काळ्या पाण्यात मिसळतं.

यंदा गवत कमरेला आलं. तिनं सटवाला निरोप धाडला, चारू नका, पण कापून न्या. तो विळा घेऊन आला. भारा डोक्यावर चढवायला तिनं हात लावला.

"गवत ब्येस हाय," तो म्हणाला. "पाणी मातर मी अजून हिरीवरच पाजतो."

"तिथंच पाजा, मामा," ती म्हणाली.