तिरडीचा मुक्काम आमच्या घरी

माझ्या बहिणीच्या लग्नासाठी केलेले पाट आणि गावाच्या मयतीचे बांबू आमच्या घरी एकाच गोठ्यात ठेवलेले होते. पाटांवर धूळ साचली होती. बांबू मात्र दर दोन-तीन महिन्यांनी नवे यायचे.

याला कारण मी. खामगावात आम्ही काही जणांनी मिळून एक सेवा मंडळ काढलं होतं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा, आणि नागपूर आपल्यासाठी काही करील याची वाट पाहता पाहता आमच्या बापांचे केस पिकले होते. म्हणून आम्ही ठरवलं, आपणच करू. दर महिन्याला एक सत्कार्य! उन्हाळ्यात स्टेशनच्या रस्त्यावर पाणपोई, हिवाळ्यात धर्मशाळेत घोंगड्या, शाळा उघडली की गरिबाच्या लेकरांना पाट्या. पण मंडळाचं एक काम बारा महिने चालायचं, आणि त्याच्या उद्घाटनाला बोलावलं तर तहसीलदारसुद्धा आजारी पडला असता. कापसाच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनांमध्ये राबायला लांबलांबून माणसं यायची. त्यातलं कोणी धर्मशाळेत मेलं तर रडायला कोणी नाही आणि उचलायलाही कोणी नाही. अशांसाठी मंडळ तिरडीचं सामान तयार ठेवायचं. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, कोरा मांजरपाट, मडकं आणि गुलालाची पुडी.

आता हे ठेवायचं कुठं? आम्ही नियम केला की दर अमावास्येला सामान एका सभासदाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाईल. नेताना तिरडी पुरी बांधून दाखवायची, काही कमी नाही ना हे पाहायचं, मगच ताब्यात घ्यायची. नियम एकमतानं मंजूर झाला. (घरी जाऊन बायकोला सांगेपर्यंत सगळेच नियम एकमतानं मंजूर असतात.) पुढच्या बैठकीत एकेकाला कंठ फुटला.

"आमच्या घरी बाळंतीन हाय."

"आमच्या घरी सत्यनारायन हाय."

"आमच्या घरी..." कापडवाले नारायणशेठ बराच वेळ आठवत राहिले. "आमच्या घरी आमची बायको हाय."

हे कारण सगळ्यांना एकदम पटलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडळाचा चिटणीस, जिनात कारकून, आणि बिनलग्नाचा. त्या दिवसापासून तिरडीचा मुक्काम आमच्या घरी पडला तो हललाच नाही.

माय म्हणाली, "अरे बाप्पा, लोकायचे पोरं घरी गहू आनतात, कापूस आनतात. तू काय आनून राह्यला रे!"

वडील, म्हणजे बापू, उठून मळ्यात गेले. त्यांचा भाजीचा मळा होता आणि बोलायचं ते ते वांग्यांशीच बोलायचे.

खरी अडचण होती माझ्या बहिणीची, शांतीची. तिनं विशी ओलांडली होती. आज हे वाचून कोणी म्हणेल, मग काय झालं? तेव्हा फार काही व्हायचं! एका पाहुण्याला ती उंच वाटली, दुसऱ्याला सावळी. तिसऱ्यानं दोन ताटल्या शिरा खाल्ला, हात धुतला आणि पत्रिका जुळत नाही म्हणाला. विहिरीवरच्या बायांनी तर तिचं नाव घोडनवरी ठेवूनच टाकलं होतं.

अशात स्टेशनजवळ एकट्या राहणाऱ्या राधाआत्यानं आपल्या भाच्याचं स्थळ आणलं. आत्या काही आमच्या नात्यातली नव्हती, सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. भाचा मोताळ्याचा, शाळेत मास्तर. शांतीनं त्याला आत्याकडे एकदा पाहिलंही होतं. ती भाजी द्यायला गेली तेव्हा त्यानं उठून तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली होती. एवढंच. पण त्या दिवशी घरी येऊन ती मायला म्हणाली, "माय, झालं तर तठीच होऊ दे." शांतीनं आजवर कशासाठी हट्ट धरला नव्हता. त्यामुळे हे स्थळ हातचं जाता कामा नये, हे गोठ्यातल्या बैलालाही कळलं होतं.

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच मायनं मला बजावलं, "ते तुहं सामान आज घरात दिसलं तं मीच त्याच्यावर जाऊन निजतो, सांगून ठेवतो!"

(आमच्याकडे बायासुद्धा 'जातो, येतो'च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी घाबरू नये.)

मी नारायणशेठच्या पाया पडून आलो. बायको माहेरी गेल्यामुळे ते तयार झाले. "चहाच्या वख्ताले छकडा घेऊन येतो," म्हणाले. मी नियमाप्रमाणे बांबू बाहेर काढले, ओसरीवर तिरडी पुरी बांधली, वर मांजरपाट ताणून पसरला, उशाशी मडकं ठेवलं, गुलालाची पुडी ठेवली. काम इतकं नेटकं झालं की मलाच माझं कौतुक वाटलं. मग मी हजामत करायला मागच्या दारी गेलो.

नारायणशेठ आले नाहीत. त्यांची बायको माहेराहून परत आली होती.

आले ते आबा. आबा म्हणजे बापूंचे चुलते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं मंद, आणि जिभेनं ठणठणीत. आदल्या रात्री बाजेतल्या ढेकणांनी त्यांना झोपू दिलं नव्हतं. चाचपडत ओसरीवर आले, तर हाताला कोरं कापड लागलं. पाहुण्यांसाठी बिछाईत घातली असं समजून ते आडवे झाले. माशा बसू नयेत म्हणून उपरणं तोंडावर ओढलं आणि गाढ झोपले!

जलंबहून खामगावला येणारी गाडी वेळेवर आलेली तोवर कोणी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती वेळेवर आली. मुलाचे वडील दौलतराव, मास्तर आणि राधाआत्या आमच्या दारात आले आणि जागीच थिजले. दौलतरावांनी डोक्यावरचं पागोटं उतरवून हातात घेतलं. आत्यानं एकदा तिरडीकडे पाहिलं आणि गळा काढला.

"अवो आबाजीऽऽ! कसे गेले वोऽऽ! नातीचे हात पिवळे पाह्याचे राहून गेले वोऽऽ!"

रडणं ऐकून माय आतून धावत आली. आमच्याकडे रीत अशी, की बाई रडत आली तर तिच्या गळ्यात पडून आधी रडायचं आणि कोण गेलं ते मागाहून विचारायचं. मायला वाटलं, आत्याकडचंच कोणी गेलं. तिनं आत्याला मिठी मारली आणि तिच्याही वरचा सूर लावला. दोघी एकमेकींच्या दुःखानं अशा रडल्या की शेजारच्या बायाही येऊन सामील झाल्या. त्यांनाही कोण गेलं हे माहीत नव्हतं, पण रडणं चांगलं जमलं होतं!

बापू मळ्यातून आले. दौलतराव खाली मान घालून त्यांना म्हणाले, "कोनाच्या हाती हाय का पाव्हने? धीर धरा."

बापूंना वाटलं, मुलगी न पाहताच नापसंत केली. त्यांचा चेहरा काळवंडला. "आमचं नशीबच तसं," ते म्हणाले. "आधीचेही असेच गेले."

"आधी पन कोनी गेले?"

"तिघं गेले. एक तं शिरा खाऊन गेला."

दौलतराव दोन पावलं मागं सरकले. तेवढ्यात मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत ओसरीवर आलो. काय झालं असेल ते मला एका नजरेत कळलं आणि मी ओरडलो, "कोनी मेलं नाई! हे तं मंडळाचं हाय!"

आणि नेमके त्याच क्षणी आबा तिरडीवर उठून बसले.

"काय कल्ला लावला बे?" आबा म्हणाले. "चहा झाला का?"

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. आत्या मडक्यावर बसली, मडकं फुटलं. गुलाल उडाला. शेजारच्या बाया रामराम म्हणत फाटकातून पळाल्या. दाराआड शांती चहाचं तबक घेऊन उभी होती. गुलालानं लाल झालेले आबा पाहून तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती खदखदून हसली. समोर मास्तरही हसला. दोघांनी एकमेकांना हसताना पाहिलं.

दौलतराव मात्र हसले नाहीत. पागोटं डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "जे लोक जित्या मानसाले तिरडीवर निजवतात, त्यायच्या घरी आमाले सोयरीक कराची नाई." आत्याच्या हाताला धरून ते निघाले. मयतीच्या घरून निघावं तसे, 'येतो' न म्हणता, पाण्याच्या घोटाला न शिवता गेले.

शांती त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मी तिच्याजवळ गेलो तर ती एवढंच म्हणाली, "दादा, मलेही बांधून टाक त्याच्यावर. तुह्या मंडळाले एक जास्तीचं पुण्य लागन." जगाच्या सेवेला निघालेला मी, सख्ख्या बहिणीच्या लग्नावर मांजरपाट पसरून बसलो होतो! फार वाईट दिवस होते ते. माय माझ्याशी बोलेना. बापू वांग्यांशीही बोलेनात. नारायणशेठ मला पाहिलं की रस्त्याच्या पलीकडे जायचे.

पावसाळ्यात स्टेशनच्या बाजूला पटकीची साथ आली. लोकांनी दारं लावून घेतली. एक दिवस सकाळी टांगेवाल्यानं निरोप आणला की राधाआत्या गेली. रात्रीच गेली, कोणाला कळलंही नाही. मोताळ्याला तार केली होती, पण घरात एकटी पडून आहे, उंबऱ्याच्या आत कोणी पाऊल टाकत नाही.

मी मंडळाच्या सभासदांकडे गेलो. ज्यांच्या घरी बाळंतीण होती त्यांच्या घरी पुन्हा बाळंतीण होती. (एवढ्या थोड्या अवधीत!) शेवटी मी गोठ्यातून तीच तिरडी काढली. मागं वळून पाहतो तर बापू डोक्याला फडकं बांधून उभे. म्हणाले, "चाल." आणि त्यांच्यामागं काठी टेकत आबा.

"आबा, तुमी कोठी येता? पाऊस हाय, पटकी हाय!"

"येतो बे," आबा म्हणाले. "मी मेलो म्हून या गावात एकच बाई रडली. बाकीच्या तिचं पाहून रडल्या. तिले एकटीले जाऊ देऊ?"

बापूंनी तिरडी खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो.

आत्याच्या दारात पोचलो तर नारायणशेठ कोऱ्या लुगड्याची घडी काखेत मारून पावसात उभे होते. "बायकोले सांगून आलो," म्हणाले. "तिनंच धाडलं." मग आम्ही तिघं आणि चौथा खांदा नाही. आता काय करावं म्हणून रस्त्याकडे पाहत होतो, तर स्टेशनकडून मास्तर चिखल तुडवत येताना दिसला, एकटाच. त्यानं आत जाऊन आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं, मग बाहेर येऊन तिरडीकडे पाहिलं. त्यानं ती ओळखली. मग त्यानं पुढचा खांदा दिला. आबा काठी टेकत बाजूनं चालले. सगळ्या रस्त्यानं ते एकटे मोठ्यानं रडत होते, आत्या त्यांच्यासाठी रडली होती अगदी तसंच.

तेरावं झालं आणि दौलतराव आमच्याकडे आले. ओसरीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी चहूकडे नीट पाहून घेतलं. मग बापूंच्या समोर बसून म्हणाले, "माह्या बहिनीले ज्यायनं एकटं पडू देलं नाई, सोयरीक त्यायच्याच घरी कराची. पोट्टं तं पह्यल्या दिवसापासून तेच म्हनून राह्यलं. मीच आडवा होतो."

"आडवा तं मी होतो," आबा आतून म्हणाले.

तुळशीचं लग्न झालं आणि मागोमाग शांतीचं झालं. गोठ्यातले पाट धुऊन निघाले. निरोपाच्या वेळी शांती माझ्या गळ्यात पडून रडली आणि कानात म्हणाली, "दादा, आता तुहंही होऊन जाऊ दे."

हे मात्र तिला बोलायला सोपं होतं. तिरडीवाला चिटणीस म्हणून माझी कीर्ती पार लोणारपर्यंत पोचली होती. माझं स्थळ आलं की मुलीची आजी उठून आत जायची. किती वर्षं गेली ते मोजण्यात अर्थ नाही. शेवटी सुलतानपूरच्या एका भल्या माणसानं हिंमत केली आणि मला मुलगी दिली. त्यांनी मानपानाचं काही काढलं नाही, अट घातली नाही. फक्त पहिल्या दिवाळसणाचं बोलावणं करायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन, हात जोडून म्हणाले,

"जावईबापू, लोकाचे जावई रिकाम्या हातानं येतात म्हून सासरे रुसतात. तुमी मात्र रिकाम्या हातानंच येजा!"