सुपर, गोल्टी आणि जोड

पुस्तकात संगणकाचे प्रकार एका पानात आटोपतात. सुपर, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो अशा चार चौकटी, प्रत्येकीत एक चित्र, आणि छपाई अशी की सुपर कॉम्प्युटर कुठला आणि लोखंडी कपाट कुठलं ते कोणालाही सांगता येऊ नये. सातवीची मुलं ते पान पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि सुट्टीत विसरून जातात. त्यात त्यांची काही चूक नाही.

आमची शाळा नाशिकहून सायखेड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात होती. मी तिथे मानधनावर संगणक शिकवायचे. दर जूनला नेमणुकीचा नवा आदेश यायचा, आणि तो येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसायचे. सातवी अ च्या वर्गशिक्षिका माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. मुलं त्यांना बाई म्हणत आणि मला मॅडम. मी त्यांना ताई म्हणायचे. सकाळी आडगाव नाक्यावर त्यांना स्कूटीवर मागे घ्यायचं, संध्याकाळी तिथेच सोडायचं. दुपारी दोघींचा डबा एकत्र. मी आजारी पडले तेव्हा माझे तास त्यांनी कुरकुर न करता घेतले. आईला सांगितलं नाही असं बरंच काही मी त्यांना आरशात न बघता, स्कूटी चालवता चालवता सांगून टाकलेलं होतं.

एकदा सातवी अ च्या तासाला मी फळ्यावर ‘सुपर’ एवढंच लिहिलं आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, सुपर म्हंजी एक्सपोर्टचा का?”

वर्ग हसला. मी नाशिक शहरात, गंगापूर रोडवर वाढलेली, मला काही कळेना. मग सगळे एकदम बोलायला लागले. कांदा निवडताना मोठा, गोल, एकसारखा माल वेगळा काढतात, तो सुपर. बारका, तो गोल्टी. आणि एका सालीत दोन कांदे चिकटलेले निघाले की तो जोड, त्याला बाजारात कोणी विचारत नाही. तिचे वडील टेम्पोतून पिंपळगावला माल नेत, त्यामुळे या विषयात वर्गात तिचा शब्द शेवटचा होता.

“मग आपल्या शाळेतला कॉम्प्युटर गोल्टी,” मागून कोणीतरी म्हणालं.

मी पुस्तक मिटलं. गारपीट होणार का, याचा हिशेब करायला कसली यंत्रं लागतात ते सांगितलं, आणि पहिल्यांदाच सुपर कॉम्प्युटरबद्दल कोणाला तरी काहीतरी वाटलं, कारण गारपीट त्यांनी बघितलेली होती. बँकेतला मेनफ्रेम म्हणजे मार्केट यार्ड, शंभर ट्रॅक्टर एकदम आले तरी लिलाव थांबत नाही. सर्व्हर म्हणजे कोल्ड स्टोरेज, माल सगळ्यांचा, ठेवलेला एके ठिकाणी, ज्याला लागेल त्याने काढून न्यायचा. ठिबकच्या टायमरमध्ये आणि वजनकाट्यातही बारकासा कॉम्प्युटर असतो म्हटल्यावर एक मुलगा घरी जाऊन काटा उघडूनच बसला आणि मार खाऊन आला. आणि ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही एकात असलेला हायब्रीड कॉम्प्युटर मी समजावायच्या आधीच तीच मुलगी ओरडली, “जोड!” त्या दिवशी मला माझं काम इतकं आवडलं की परतीच्या रस्त्यावर मी ताईंना सगळा तास पुन्हा घेऊन दाखवला.

त्यानंतर संस्थेने कळवलं की संगणकासाठी एक कायम जागा मंजूर होणार आहे. दोघी उमेदवार. एक मी आणि दुसरी ताईंची सून, जी जूनपासून सातवी ब ला संगणक शिकवत होती. संस्थेचे सचिव आणि एक निवृत्त मुख्याध्यापक येऊन दोघींचा एकेक नमुना पाठ बघणार आणि ठरवणार. विषय दोघींनाही एकच, संगणकाचे प्रकार. माझ्यासाठी ती जागा म्हणजे दर जूनची धाकधूक संपणं होतं.

“तुझीच जागा आहे ती,” ताई म्हणाल्या. “तिला अजून नीट फळ्यावर लिहिता येत नाही. मी काय माझ्या घरचं झाकून ठेवणार आहे?”

नमुना पाठ आधी ‘बसवून’ घ्यायची आमच्याकडे रीत आहे. कोणता प्रश्न येणार, कोणी हात वर करायचा, कोणी काय बोलायचं, सगळं आदल्या दिवशी पक्कं. पाहुणे आले की मुलं पोपटासारखी बोलतात, पाहुणे मान डोलावतात, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मला या प्रकाराचा मनस्वी राग. ताईंनी विचारलं, “पाठ बसवणार नाहीस?” मी म्हटलं, “बसवायचा कशाला? माझी मुलं बोलतात.” आणि मी काय विचारणार, त्यावर कोण काय म्हणेल, कुठे हसतील, हे सगळं त्यांना सांगून टाकलं.

पाठाच्या दिवशी दोघं पाहुणे मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर ‘सुपर’ लिहिलं आणि वळून विचारलं, “काय आठवतं?”

पहिल्या बाकावरची ती मुलगी हळूच उठली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, “सुपर कॉम्प्युटर हा सर्वात वेगवान व सर्वात महाग संगणक होय.”

होय! त्या मुलीच्या तोंडून आयुष्यात ‘होय’ निघालेलं मी ऐकलं नव्हतं. मी हसून म्हटलं, “बरं, आणि गोल्टी?” चाळीस माना खाली. मी गारपिटीवर आले, मार्केट यार्डावर आले, वर्ग मूग गिळून बसलेला. काटा उघडणारा मुलगा तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्याने त्याला कोपर मारलं. जे काही उत्तर आलं ते पुस्तकातलं, शब्द न शब्द. सचिव उठताना म्हणाले, “पाठांतर छान करून घेतलंय.” कानशिलं तापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ मुलींनी मला गाठलं. चेहरे फुललेले.

“मॅडम, एकानं बी कांद्याचं नाव काढलं नाय!”

“पण का?”

“बाईंनी काल सांगितलं व्हतं ना. पाव्हण्यांसमोर कांद्याचं बोललं, तर ते म्हनतील ह्या मॅडम पुस्तकातलं शिकवत नाय. आन तुमची नोकरी जाईल. लय गप बसलो आम्ही.” पहिल्या बाकावरची ती मुलगी माझ्याकडे बघत होती. “वाचली ना मॅडम, नोकरी?”

“हो,” मी म्हटलं. “वाचली.”

तरीही मी ताईंच्या बाजूने विचार करत राहिले. त्यांना खरंच तसं वाटलं असेल. माझ्या भल्यासाठीच सांगितलं असेल. मग सुट्टी संपली, शेजारच्या वर्गात सुनेचा पाठ सुरू झाला, आणि भिंतीपलीकडून सातवी ब एका सुरात ओरडली, “जोड!” पाठोपाठ पाहुण्यांचं मनमोकळं हसू. त्यानंतर कोल्ड स्टोरेज आलं, मार्केट यार्ड आलं. माझाच तास, माझ्याच क्रमाने, मी भिंतीला टेकून ऐकला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यातही तास चोरला याचं मला एवढं वाटलं नाही. माझ्या मुलांचा माझ्यावरचा जीव त्यांनी हत्यारासारखा वापरला, हे मी अजून गिळू शकलेले नाही.

संध्याकाळी ताई नेहमीप्रमाणे मागे बसल्या. खांद्यावर नेहमीप्रमाणे हात ठेवला. रस्त्यात मी विचारलं, “ताई, मुलांना काय सांगितलंत?”

त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, “तुझा नवरा सातपूरला कंपनीत आहे. आमच्याकडे मुलगा घरी बसलाय. तू समजून घेशील असं वाटलं गं.”

तळपायाची आग मस्तकात गेली, पण स्कूटी मी तशीच चालवत राहिले. नाक्यावर उतरून त्यांनी पदर नीट केला आणि विचारलं, “उद्या नेहमीच्या वेळेला ना?” मी स्कूटी पुढे काढली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्या उभ्या दिसल्या, मी थांबले नाही.

जागा सुनेला मिळाली, आणि मानधनावरची माझी गरज संपली. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळं सांगावं असं मी अनेकदा ठरवलं आणि प्रत्येक वेळी दारातून परत फिरले. तक्रार केली असती तर चौकशीला मुलांनाच उभं केलं असतं, वर्षभर ज्यांच्या वर्गात बसायचंय त्या बाईंसमोर. आणि आपण गप बसलो म्हणूनच मॅडमची नोकरी गेली, हे त्यांना कळलं असतं. ते मला नको होतं. म्हणजे शेवटी ताईंचं पाप झाकायचं कामही माझ्याच वाट्याला आलं, आणि याचा राग मला त्यांच्या दगाबाजीपेक्षाही जास्त येतो.

शेवटच्या दिवशी मी वर्गात सांगितलं की मला नाशिकमध्ये, घराजवळ, नोकरी मिळाली आहे. बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. काही मुली रडल्या. पहिल्या बाकावरची ती मुलगी दप्तर भरत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले तेव्हा तिने वर बघितलं.

“आम्ही तुमच्यासाठी गप बसलो, मॅडम,” ती म्हणाली. “बाई म्हनल्याच व्हत्या, शहरातल्या मॅडम टिकत नाय.”