आधी ब्रेक

"काका, अप्पांचा फोन दुसरंच कुणीतरी उचलतंय." पुंडलिकच्या मुलीचा, चैत्राचा, हा फोन आला तेव्हा मी रविवारचा पेपर उघडून नुकता बसलो होतो. मी म्हटलं, अगं, गॅरेजवाल्याने उचलला असेल, हा गेला असेल कुठे कॉफी प्यायला. "नाही काका... तो माणूस विचारतोय, तुम्ही त्यांच्या कोण." मग मीच पुंडलिकचा नंबर लावला. पलीकडे एक अनोळखी माणूस कानडीत बोलत होता, मागे हॉर्न वाजत होते. त्याने आधी मला विचारलं की मी बसलेलो आहे का, आणि मग सावकाश, जपून, सांगायचं ते सांगितलं. म्हैसूरबाहेर हुणसूर रस्त्यावर, हिनकल गावाच्या बरंच पुढे, मागून लॉरीने धडक दिली होती आणि गाडी रस्त्याकडेच्या झाडावर जाऊन आदळली होती. माझा मित्र जागीच गेला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी रविवारचा पेपर मी अजून उघडत नाही.

पुंडलिकची आणि माझी ओळख एका पँटमुळे झाली. सांगलीहून नंजनगूडच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि म्हैसूरला बिऱ्हाड केलं, तेव्हा इथे मराठीत बोलायला कुणी नव्हतं. पँट आखूड करायला म्हणून एका शाळेच्या गणवेशांच्या दुकानात शिरलो, तर आतला माणूस टेप गळ्यात अडकवून माझ्याकडे बघत म्हणाला, "सांगलीकडचे काय तुम्ही?" पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातच राहिलेलं शिंप्याचं घर, देव्हाऱ्यात विठोबा, बोलणं मराठी आणि त्यात कानडी अशी कालवलेली की पहिले काही महिने मला अर्धंच कळायचं. 'सुम्ने', म्हणजे उगाचच, हा शब्द तर दर दोन वाक्यांनी. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला शेवटपर्यंत अहो-जाहो. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, म्हणायचा, आणि पैसे मात्र घ्यायचा नाही. माणूस अतिशय सावध. पावसाची चिन्हं नसली तरी छत्री, दोन तासांच्या प्रवासाला घरची पाण्याची बाटली. रस्ता ओलांडताना माझा दंड धरायचा. मी त्याची यावरून फार टर उडवली आहे.

अशा माणसाने टर्बोची गाडी घेतली, आणि तीही लाल, याचं सगळ्या गल्लीला नवल वाटलं होतं. सेकंडहँडच होती, पण आधीच्या मालकाने जपलेली आणि कुठेही हात न लावलेली. घेतली ती चैत्रासाठी, हे उघड होतं. एकुलती एक मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, आणि गाड्यांचं वेड बारशापासून असल्यासारखं. त्याच्या बायकोचा, सुमावहिनींचा, पहिल्या दिवसापासून विरोध. त्या दुकानात बसायच्या, मशीन चालवायच्या आणि गाडीचा विषय निघाला की फक्त पायाचा जोर वाढवायच्या. आम्ही तिघं मात्र रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून कापायच्या टेबलाभोवती बसत असू, आणि विषय एकच... या गाडीत पहिल्यांदा काय बदलायचं?

चैत्राचं म्हणणं ठरलेलं होतं. "अप्पा, सगळे आधी रीमॅपच करतात. लॅपटॉप लावायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलायचा, तासाभरात काम आय्तु, झालं. टर्बो थोडी जास्त हवा देणार, गाडी नुसती सुटणार. काका, तुम्ही तरी सांगा की, खरं अल्लवा?" खरं होतंच. टर्बो इंजिनात काही न उघडता ताकद वाढवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग. पुंडलिक ऐकून घ्यायचा, खडूने टेबलावर रेघोट्या मारायचा. मग म्हणायचा, "नोडी, बघा देसाई, कंपनी इंजिनात माया सोडून ठेवती. आपण पोराच्या शर्टाला शिवणीत जास्तीचं कापड सोडतो, तसं. पोरगं वाढलं की उसवायचं. हिला आत्ताच उसवायचं आहे. सुम्ने." चैत्रा चिडायची. म्हणायची, मग निदान मोठा इंटरकूलर घालू या, टर्बोची हवा गार राहील. नाहीतर एक्झॉस्ट मोकळा करू या. तो म्हणायचा, आवाज करणारं काही नको, शाळेच्या रस्त्यावर दुकान आहे आपलं. वर्षभर त्याने गाडी होती तशीच चालवली आणि चालवायला लावली. आधी हिचा स्वभाव तर कळू दे, म्हणायचा. चामुंडी बेट्टावर, म्हणजे टेकडीवर, चढायचं, उतरायचं, आणि खाली आल्यावर ब्रेक तापलेत का ते कळायला चाकाजवळ वाकून वास घ्यायचा. असा गाडीचा वास घेणारा शिंपी म्हैसुरात दुसरा नसेल.

शेवटी बापलेकीत सौदा झाला. रीमॅप करायचा, चैत्राच्या परीक्षेनंतर, पण त्याआधी नवे टायर आणि नवे ब्रेक पॅड, साधे नाही, जास्त उष्णता सोसणारे. "आधी थांबायचं कसं ते बघू. पळायचं मग बघू." मी दोन्ही हात वर करून त्याला पाठिंबा दिला. आजही कुणी मला टर्बो गाडी घेऊन विचारलं, की पहिल्यांदा काय करू, तर मी हेच सांगेन. टायर आणि ब्रेक, मग बाकीचं. हे बरोबर आहे. ते बरोबर होतं आणि तरीही तो गेला, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती कुणाकडे करायची ते मला कळत नाही.

नवे पॅड लावले की ते लगेच नीट पकडत नाहीत. ते डिस्कवर बसावे लागतात. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात न्यायची, जोरात ब्रेक दाबायचा, पण पूर्ण थांबू द्यायची नाही, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा ब्रेक. असं बऱ्याच वेळा. गाडीवेडी माणसं हे श्रद्धेने करतात, बाकीच्यांना ते माहीतही नसतं. पुंडलिकने शनिवारी पॅड आणि टायर बसवून घेतले आणि रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना हे करायचं ठरवलं. चैत्राने मागच्या सीटवर बसायचं आणि मागून कुणी येतंय का ते बघत राहायचं, हेही ठरलं होतं. पण ती रात्री उशिरापर्यंत अभ्यास करत होती, झोपलेली दिसली, म्हणून त्याने तिला उठवलं नाही. गाडीची मागची बाजू मी पोलीस स्टेशनच्या आवारात पाहिली आहे. तिथे सीट अशी काही उरलेलीच नाही. ते बघून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या वाटण्याची शिसारी आली.

लॉरी पिरियापट्टणहून तंबाखू भरून म्हैसूरकडे येत होती, आणि पुंडलिकही तेव्हा परतीच्या वाटेवर होता. ड्रायव्हर पळून गेला नाही, यासाठी मी त्याला मानतो. स्टेशनात एका बाकावर बसून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की पुढे काही नव्हतं. माणूस नाही, जनावर नाही, खड्डा नाही. रस्ता अगदी रिकामा, आणि त्या लाल गाडीने कारण नसताना ब्रेक मारला. पोलीस साहेबांना ते पटत नव्हतं. पुंडलिकचा मेहुणा म्हणाला, झोप लागली असेल. कुणी म्हणालं, छातीत दुखलं असेल. मी चैत्राकडे बघितलं आणि ती माझ्याकडे. त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळलं होतं. तो शेवटपर्यंत, ठरवल्याप्रमाणे, नीट काम करत होता. आरशात त्याने पाहिलंच असणार. छत्री घेऊन फिरणारा माणूस आरशात न बघता ब्रेक मारणार नाही. पण वेग घेताना मागचा रस्ता रिकामा दिसला असेल आणि मधल्या वळणावरून लॉरी आली असेल... असं मी स्वतःला सांगतो. नक्की काय झालं ते मला माहीत नाही.

सुतकाच्या दिवसांत घरी जे झालं ते लिहू नये असं वाटत होतं, पण लिहितो. भेटायला येणाऱ्यांनी गोष्ट आधीच रचून ठेवली होती. गाडीची ताकद वाढवली म्हणून गेला. मुलीचे नको तेवढे लाड केले म्हणून गेला. एक आत्या चैत्राच्या समोर, पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "पोरीनेच हट्ट धरला होता म्हणे, पळवायची गाडी बेकु, पाहिजेच म्हणून." चैत्रा भिंतीला टेकून बसली होती. माझा तोल गेला. सुतकाच्या घरात आवाज चढवू नये हे मलाही कळतं. मी सगळ्यांना सुनावलं की त्या इंजिनाला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, ते कंपनीतून आलं तसंच्या तसं होतं, बदलले होते ते फक्त टायर आणि ब्रेक, म्हणजे जे माणसाला वाचवतं तेच. मला वाटलं, पोरीवरचं ओझं उतरवलं आपण. त्यानंतरही येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे सांगत राहिलो, चैत्राच्या देखत, पुन्हा पुन्हा, ताकद नाही, ब्रेक. ती नुसती ऐकायची. कॉलेजला जात नव्हती. परीक्षा तशीच गेली.

मागच्या आठवड्यात वहिनींनी दुकान उघडलं. शाळा सुरू व्हायच्या आहेत, गणवेश कुणासाठी थांबत नाहीत. मी गेलो तेव्हा त्या मशीनवर होत्या आणि चैत्रा काज-बटणं करत बसली होती. कापायच्या टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. गॅरेजवाला सकाळी देऊन गेला, वहिनी म्हणाल्या, जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत करायची पद्धत आहे म्हणे, पण इतके दिवस यायचा त्याला धीर झाला नव्हता. चैत्राने सुई बाजूला ठेवली आणि खोकं उघडलं. काढलेले जुने ब्रेक पॅड. तिने एक उचलला, काळी धूळ बोटाने पुसली, गळ्यातल्या टेपचं टोक त्याच्या कडेला लावून जाडी बघितली. मग दुसऱ्याची. मग तिने ते माझ्यासमोर धरले.

"काका, हे अजून चालले असते ना?"

मी पॅड हातात घेतले. निम्म्याहून जास्त माल शिल्लक होता. चामुंडीवर रोज चढला-उतरला असता तरी एवढ्यात काही झालं नसतं. माझा जन्म मशिनं दुरुस्त करण्यात गेला आहे आणि ती पोरगी इंजिनिअर होणार आहे, तिच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती. "चालले असते," मी म्हटलं.

"मग अप्पांनी का बदलले?"

बदलले नसते तर रविवारची ती फेरीच झाली नसती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मशीनचा आवाज थांबला. इतक्या दिवसांत गाडीबद्दल एक अक्षरही न बोललेल्या वहिनी, हातातलं कापड सरळ करत, म्हणाल्या, "तू चालवणार होतीस म्हणून."

चैत्राने पॅड परत खोक्यात ठेवले आणि झाकण लावलं. मग ती बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसली, रस्त्याकडे तोंड करून. वहिनींनी पुन्हा मशीन सुरू केलं. आम्ही दोघांनीही तिला हाक मारली नाही.